किरमिजीचे कागद

३ मार्च १५५३ रोजी मध्य मेक्सिकोतल्या त्लास्काला नगराच्या पंचांची बैठक भरली. त्लास्कालाचे लोक स्पॅनिशांच्या बाजूने अॅझ्टेकांशी लढले होते. त्यामुळे विजयानंतर स्थानिक कारभार त्यांच्याच हाती राहिला, आणि त्या कारभाराचे इतिवृत्त ते आपल्या नाहुआत्ल भाषेत, पण नव्याने शिकलेल्या रोमन लिपीत लिहून ठेवू लागले. त्या दिवशीचा विषय होता निवडुंग.

पंचांची तक्रार मोठी चविष्ट आहे. गावात जो तो निवडुंग लावत सुटला आहे. मका, मिरची, घेवडा पिकवायला कुणाला सवड नाही, म्हणून धान्य महागले. निवडुंगावरचा रंगाचा किडा पाळणारे आणि विकणारे लोक रविवारीही देवळाकडे फिरकत नाहीत, झाडांपाशी बसून असतात. हातात पैसा खुळखुळू लागल्यापासून ते कापसाच्या बिछान्यावर झोपतात, कोको पितात, दारू ढोसतात, आणि कालपर्यंत ज्यांच्यापुढे वाकत होते त्या खानदानी घरांना आज विचारत नाहीत. चर्चेअंती ठरले की, कुणीही दहापेक्षा जास्त निवडुंग लावू नयेत, आणि या बंदीला व्हाइसरॉयची मंजुरी मागावी.

या इतिवृत्तातले पंच खानदानी आहेत, हे लक्षात ठेवून ते वाचले पाहिजे. धान्याच्या टंचाईपेक्षा कुळांचा ताठा त्यांना जास्त बोचत होता, असा संशय ओळीओळीला येतो. पण नेमक्या त्या चिडीमुळेच हा कागद अमोल झाला आहे. युरोपातल्या चित्रांवर पुढची तीनशे वर्षे जो खोल, पारदर्शक, जांभळ्याकडे झुकणारा तांबडा रंग चढणार होता, तो कुणी पिकवला आणि त्याने त्यांच्या घरात काय आले, हे इतक्या जवळून सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

रंगांचा इतिहास लिहायला बसले की हात आधी चित्रकारांच्या वह्यांकडे जातो. किरमिजीच्या बाबतीत त्या वह्या जवळजवळ मुक्या आहेत. बोलतात ते पंचायतींची इतिवृत्ते, खंडणीच्या याद्या, जहाजांच्या मालाचे आकडे, शपथेवरच्या जबान्या आणि ईस्ट इंडिया कंपनीची टपालपत्रे. असे का झाले, त्याचे कारण चित्रकारांच्या आळसात नाही; ते रंग तयार होण्याच्या रीतीतच आहे. पण त्याकडे जाण्याआधी किड्याची ओळख करून घ्यावी लागेल.

निवडुंगाच्या फड्यावर पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसतात. त्या कापसाखाली पंख नसलेली मादी सोंड खुपसून बसलेली असते आणि जन्मभर तिथेच बसून रस पिते. नर पंखांचा, अल्पायुषी. मुंग्यांनी व पाखरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून मादी अंगात एक आम्ल साठवते. त्याला आजचे रसायनशास्त्र कार्मिनिक आम्ल म्हणते, आणि हाच तो रंग. माद्या भरल्या की त्या खरडून काढायच्या, उकळत्या पाण्यात, भट्टीत किंवा उन्हात मारायच्या आणि वाळवायच्या. वाळलेला किडा एखाद्या काळपट, सुरकुतलेल्या बियाण्यासारखा दिसतो. एका किलोत असे सुमारे दीड लाख किडे बसतात. जंगली किडा निवडुंगावर आपसूक येतो, पण त्यात रंग कमी. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून आकाराने मोठा, रंगाने भरलेला असा पाळीव किडा तयार केला होता. तो इतका नाजूक झाला होता की माणसाने पावसाथंडीपासून जपल्याशिवाय, शत्रूंपासून राखल्याशिवाय आणि नव्या फड्यांवर हाताने पिल्ले सोडल्याशिवाय तो जगत नसे. १५९९ साली गोन्सालो गोमेझ दे सेर्वान्तेस या स्पॅनिश अधिकाऱ्याने लिहिलेले एक निवेदन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याला जोडलेल्या रंगीत चित्रांत निवडुंगाची निगराणी करणारी माणसे दिसतात. त्या सगळ्या राबत्या हातांकडे पाहिले की हा रंग ‘निसर्गात सापडतो’ असे म्हणायला धीर होत नाही.

स्पॅनिश येण्याआधीही या रंगाचा हिशेब होत होता. १५४१ च्या सुमारास तयार झालेल्या ‘कोडेक्स मेंदोसा’ या चित्रपोथीत अॅझ्टेक राजांना प्रांतोप्रांती येणारी खंडणी चित्रांनी मांडली आहे. तिच्यात कोइश्त्लाहुआका प्रांताच्या नावावर या किड्याच्या ४० थैल्या आहेत, कोयोलापानच्या नावावर २० आणि त्लाचकियाऊकोच्या नावावर ५. हे तिन्ही प्रांत आजच्या ओआहाका राज्यात मोडतात, आणि पुढे सारा धंदा त्याच मुलुखात एकवटला. ही पोथी स्पेनच्या राजाकडे निघाली होती, पण वाटेत फ्रेंच चाच्यांच्या हाती लागली आणि हस्ते-परहस्ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात विसावली. खंडणीची यादी स्वतःच लुटीचा माल व्हावी, हा योग कुणी कादंबरीत घातला असता तर बनावट वाटला असता.

किडा की बी, हा प्रश्न पुढे युरोपात शंभर-दीडशे वर्षे गाजला. म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने नाहुआ जाणकारांना बरोबर घेऊन जो प्रचंड ग्रंथ १५७७ च्या सुमारास पुरा केला, त्याच्या अकराव्या भागात रंगांचे प्रकरण आहे. या विशिष्ट निवडुंगाच्या पानांना चिकटून किडे वाढतात आणि त्यांचे रक्त हाच तो तांबडा रंग, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. पण ग्रंथ हस्तलिखितच राहिला. तो फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याकडे पोचला, लॉरेन्शियन ग्रंथालयात बंदिस्त झाला, आणि त्याचा मजकूर छापून यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

छापील पुरावाही होता. होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९० साली सेव्हिल येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निवडुंगावरच्या या किड्यांचे वर्णन केले. सोबत आकडाही दिला: १५८७ च्या ताफ्यातून स्पेनला ५,६७७ अरोबा माल आला, किंमत सुमारे २ लाख ८३ हजार पेसो. एक अरोबा म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास. म्हणजे एका वर्षात सुमारे ६५ टन, आणि किड्यांत मोजायचे तर नऊशे कोटींच्या पुढे. अमेरिकेहून येणाऱ्या मालात चांदीखालोखाल मोल याच मालाचे होते. दहाच वर्षांनी, १५९७ साली, इंग्लंडच्या अर्ल ऑफ एसेक्सने अझोर्स बेटांजवळ स्पॅनिश गलबते पकडली तेव्हा त्यांवर हाच माल सापडला. त्या मोहिमेत जॉन डन हा कवीही होता.

आता चित्रकारांकडे वळू. ज्या लॉरेन्शियन ग्रंथालयात साहागुनचा ग्रंथ पडून राहिला, तिथेच चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराच्या हस्तपुस्तकाची एक जुनी प्रत आहे. मूळ पुस्तक १४०० च्या आसपासचे. ही प्रत १४३७ सालच्या जुलैच्या अखेरीस फ्लॉरेन्सच्या स्टिंके तुरुंगात, बहुधा कर्जापायी आत बसलेल्या कुणीतरी उतरवली. चेन्निनी तांबड्या रंगांची एकेक ओळख करून देतो आणि किरमिजीपाशी आला की सावध होतो. कापडाच्या कातरणापासून केलेला रंग दिसायला देखणा असतो पण टिकत नाही, तो घेऊ नका. चिकापासून केलेला घ्या, असा त्याचा सल्ला आहे.

हा चीक म्हणजे आपली लाख. पळस-बोरीवर लागणाऱ्या किड्याची ही राळ हिंदुस्थानातून अरबी आणि इटालियन व्यापाऱ्यांमार्फत भूमध्य समुद्राकडे जाई. फ्लॉरेन्सच्या पेगोलॉत्तीने १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या पोथीत लाखेची नोंद आहे. म्हणजे चित्रकार चेन्निनी ज्या वस्तूला नुसता ‘चीक’ म्हणून मोकळा होतो, तिची दखल व्यापाऱ्याच्या वहीत त्याच्याही आधी साठ वर्षे सापडते.

पण अधिक बोलके आहे ते कातरण. किडा पाण्यात उकळून निघणारा रंग कापडाला चालतो, चित्रकाराला नाही. चित्रकाराला तेलात घोटता येईल अशी भुकटी हवी. म्हणून रंगाच्या क्षारयुक्त पाण्यात तुरटी घालतात. तुरटीतले अॅल्युमिनियम रंगाला धरून खाली बसते, मग ते गाळायचे, वाळवायचे, कुटायचे. अशा भुकटीला रंगांच्या दुनियेत ‘लेक’ म्हणतात. आता हे रंगाचे पाणी आणायचे कुठून? किडा विकत घेणे महागात पडे. किरमिजीने रंगवलेले उंची लोकरी कापड गुळगुळीत करण्यासाठी कात्रीने वरवर कातरत, तेव्हा त्याचे बारीक तंतू गोळा होत. ते स्वस्तात मिळत. ते राखेच्या कडक पाण्यात उकळले की लोकर विरघळे, रंग सुटा होई. पंधराव्या शतकातल्या अनेक कृतींत हीच रीत आहे.

याला दुजोरा कागदाने नव्हे, चित्रांनीच दिला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जो कर्बी, मारिका स्प्रिंग आणि कॅथरीन हिगिट यांनी जुन्या चित्रांतले तांबड्या रंगाचे सूक्ष्म कण तपासले. काही कणांत लोकरीतून आलेले गंधक आणि प्रथिने सापडली, काहींत तर तंतूंचे तुकडेच. कापडगिरणीचा कचरा म्हणावा अशी ती खूण आहे, आणि ती संतांच्या झग्यात शेकडो वर्षे दडून राहिली होती.

आणि चित्रकारांच्या मौनाचे कारण इथेच आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातल्या रंगाऱ्यांचे किरमिजी रंग येत ते भूमध्य समुद्राकाठच्या ओकवर वाढणाऱ्या केर्मेस किड्यापासून, किंवा पोलंडात आणि आर्मेनियात मुळांशी सापडणाऱ्या त्याच्या चुलतभावंडांपासून. मेक्सिकोचा किडा आला तेव्हा तेवढ्याच वजनात केर्मेसच्या कितीतरी पट रंग देऊ लागला. रंगाऱ्यांचा हिशेब सोपा होता. ते पाहता पाहता नव्या मालाकडे वळले. कापड बदलले तसे कातरण बदलले, कातरण बदलले तसा लेक बदलला, आणि चित्रकाराच्या दुकानी पुडी मात्र जुन्याच नावाने जात राहिली. या बदलाचा निर्णय त्याने घेतलाच नाही. जे ठरवले नाही त्याची नोंद तो कुठून ठेवणार? पुढे थेट किड्यापासूनही लेक होऊ लागले आणि सतराव्या शतकात ते सर्रास झाले. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या रेम्ब्रांच्या ‘ज्यू वधू’त वधूच्या वेषाचा तांबडा याच किड्याचा आहे. रंगाच्या अर्कातले कार्मिनिक आम्ल प्रयोगशाळेत ओळखता येते, आणि केर्मेसमधले केर्मेसिक आम्ल किंवा लाखेतले लॅक्कायिक आम्ल त्याहून वेगळे दिसते. म्हणूनच आज हे सांगता येते. रेम्ब्रांला विचारले असते तर त्याने फार तर दुकानदाराचे नाव सांगितले असते.

दुकानदाराला तरी काय ठाऊक होते? पुडीतली ती काळी गोटुली बी आहे की फळ की किडा, यावर युरोपात एकमत होईना. साम्युएल द शाँप्लँच्या नावावर असलेल्या वेस्ट इंडीजच्या प्रवासवर्णनात तर याचे झाड काढले आहे, फळात बिया असलेले. स्पेनने हे गुपित कडेकोट राखले, असे नेहमी सांगतात. मला ते निम्मेच पटते. आकोस्ताचे पुस्तक १६०४ मध्ये इंग्रजीतही आले होते. ज्याला वाचायचे त्याला उत्तर उपलब्ध होते. पण पाळीव किडा जिवंत बाहेर जाऊ न देणे आणि परक्यांना ओआहाकात शिरू न देणे ही स्पेनची राखण मात्र खरी होती. माहिती दडपली गेली नव्हती; तिच्यावर विश्वास ठेवायला पुरावा नव्हता.

डेल्फ्टच्या आंतोनी फान लेव्हेनहुकने आपल्या भिंगांखाली ही गोटुली ठेवली. सुरुवातीला तोही बीच समजला होता. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर त्याने मत बदलले, आणि १७०४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या पत्रात हे किड्याचे शरीर आहे, आत अंडी आहेत, असे निक्षून सांगितले. इतके होऊनही वाद मिटला नाही. वाळून, भाजून, सुरकुतलेल्या वस्तूत कुणाला काय दिसेल ते दिसे.

मग एका डच गृहस्थाने हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या हातून काढून वकिलांच्या हाती दिला. मेलख्योर द रौशर याची एका परिचिताशी पैज लागली. रौशर म्हणे किडा, समोरचा म्हणे बी. पैजेचा निवाडा घरबसल्या होईना. तेव्हा मेक्सिकोशी संबंध असलेल्या एका स्पॅनिश ओळखीच्या माणसामार्फत त्याने थेट ओआहाकाच्या आंतेकेरा शहरातल्या न्यायाधिकाऱ्यापुढे साक्षी नोंदवून आणल्या. साल १७२५. ज्यांचे आयुष्य या धंद्यात गेले होते अशा माणसांनी शपथेवर सांगितले: हे लहानसे जिवंत प्राणी आहेत, त्यांना चोच, डोळे, पाय आहेत, ते सरपटतात, अन्न शोधतात, पिल्ले घालतात. दोनशे वर्षे जे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक होते त्याला अखेर सहीशिक्क्याने प्रमाण मिळाले. रौशरने १७२९ साली आम्सटरडॅम येथे डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत पुस्तक काढले आणि मुखपृष्ठावरच बजावले की हा इतिहास अस्सल दस्तऐवजांनी सिद्ध केलेला आहे.

इतिहासकार राजवाड्यांच्या शिस्तीत वाढलेल्या मराठी वाचकाला हे पुस्तक जवळचे वाटेल. कागदापुढे नावाजलेल्या पंडिताचीही मातब्बरी नाही, हा बाणा त्यात पानोपानी आहे. मात्र एक फरक सांगायलाच हवा: या जबान्या पैजेच्या एका बाजूने मागवलेल्या होत्या. उलटतपासणी नव्हती. साक्षीदार खरे बोलत होते म्हणून बरे.

त्या साक्षीदारांचे जगणे कसे होते, हे वेगळ्या कागदांत शोधावे लागते. १७५८ पासून ओआहाकात नोंदल्या जाणाऱ्या मालाची अधिकृत वही राखली गेली. तिच्यातले सर्वांत भरलेले वर्ष १७७४ चे: १५,५८,१२५ पौंड. मोठमोठे मळे नव्हते. हा सगळा माल झापोतेक आणि मिश्तेक गावांतल्या घराघरांच्या परसातून येई. त्याची सोय लावणारी पद्धत होती रेपार्तिमिएंतो. जिल्ह्याचा स्पॅनिश अधिकारी, आल्काल्दे मायोर, शेतकऱ्याला दर पौंडामागे बहुधा १२ रेयाल आगाऊ देई आणि हंगामाला माल वसूल करी. बाजारभाव त्याहून कितीही चढो, शेतकऱ्याला तेवढेच. ही उघड पिळवणूक होती, असे ब्रायन हॅम्नेट यांनी १९७१ मधील पुस्तकात मांडले. जेरेमी बास्केस यांनी २००० साली तेच कागद पुन्हा चाळून उलट म्हटले: गावाला दुसरीकडे कर्ज मिळत नव्हते, पेशगी बुडण्याचा धोका मोठा होता, आणि बरेच शेतकरी ती आपणहून घेत. मला बास्केसचा हिशेब पटतो, निष्कर्ष पुरता पटत नाही. पेशगी देणारा आणि गुन्ह्याचा निवाडा करणारा एकच माणूस असेल, तर ‘आपणहून’ या शब्दाला फारसे वजन उरत नाही. १७८६ च्या नव्या कायद्याने स्पेनच्या सरकारने ही पद्धत बंद केली, तोवर ओआहाकाचा भरभराटीचा काळ ओसरू लागला होता.

तिकडे लंडनमध्ये हा रंग भलत्याच कारणाने नाव कमावत होता. सर जोशुआ रेनॉल्ड्स हा अठराव्या शतकातला सर्वांत मागणी असलेला व्यक्तिचित्रकार. गोऱ्या गालांवर लाली चढवायला तो लेक आणि याच किड्याचा कारमाईन वापरी. त्याच्या हयातीतच ती लाली उडू लागली आणि त्याची गिऱ्हाइके भिंतीवरच आजारी दिसू लागली. इथे मात्र एक चित्रकार लिहितो. रेनॉल्ड्सच्या हिशेबाच्या वह्या केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहेत. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांकडून आलेले पैसे, आणि मागच्या पानांवर मोडक्यातोडक्या इटालियन-इंग्रजी मिश्रणात रंगांचे प्रयोग: कुठल्या चित्रात कुठला तांबडा, कुठले तेल, कुठले मेण. हा आडपडदा बहुधा शिष्यांपासून. म्हणजे किरमिजीबद्दल चित्रकाराने स्वतः नोंद केली ती जमाखर्चाच्या वहीत, आणि तेव्हाच जेव्हा रंग दगा देऊ लागला.

दगा देण्याचे कारण रसायनात आहे. उजेडात कार्मिनिक आम्लाचा रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने तुटत जातो. जाड थरात, गडद सावलीत लेक शतके टिकतो. पांढऱ्यात मिसळून पातळ लावला की उडतो. गालांची लाली नेमकी तशीच लावायची असते. १८८६ साली जलरंगांच्या चित्रांना दिवाणखान्यात टांगावे की कपाटात ठेवावे, यावर लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये वादंग माजले. तेव्हा सरकारी विज्ञान व कला खात्याने डॉ. रसेल आणि कॅप्टन अॅब्नी यांना चौकशीला बसवले. १८८८ च्या त्यांच्या अहवालात पट्ट्यांवर रंग लावून, निम्मी पट्टी झाकून, महिनोन्‌महिने उन्हात ठेवल्याच्या नोंदी आहेत. कारमाईन आणि किरमिजी लेक सर्वांत लवकर उडणाऱ्यांत निघाले. निर्वात नळीत मात्र बहुतेक रंग जवळजवळ जसेच्या तसे राहिले. म्हणजे रंग एकट्या उन्हाने जात नाही, हवेची साथ लागते. रेनॉल्ड्सला जे गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून कळले ते आता खात्याच्या कोष्टकात आले.

तोवर हा किडा चोरण्याचे प्रयत्नही होऊन गेले होते. त्यांतला सर्वांत गाजलेला तिएरी द मेनोंव्हिल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचा. १७७७ साली तो वेगळेच निमित्त सांगून मेक्सिकोत उतरला, हुकूम मोडून पायी ओआहाकापर्यंत गेला आणि किडे लागलेले निवडुंग पेट्यांत दडवून आजच्या हैतीत परतला. तीन वर्षांत तो वारला आणि त्याचा पाळीव किडाही. त्याचे पुस्तक १७८७ मध्ये निघाले. त्यातली साहसे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की नायक आणि एकमेव साक्षीदार एकच आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयत्न मद्रासचा. ईस्ट इंडिया कंपनीचे तिथले वरिष्ठ वैद्य डॉ. जेम्स अँडरसन यांनी १७८६ च्या डिसेंबरात लंडनला सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले: मद्रासच्या गवतावर आपल्याला रंगाचा किडा सापडला आहे. या पत्रव्यवहाराची पुस्तके मद्रासमध्येच छापली गेली, म्हणून अँडरसनचा उत्साह आज तारीखवार पाहता येतो. लंडनच्या रंगाऱ्यांनी नमुना पाहून तो कामाचा नाही असे कळवले. मग अँडरसनने पवित्रा बदलला: किडा नाही तर नाही, निवडुंग आधी लावून ठेवू. बँक्सच्या खटपटीने क्यू उद्यानातून रोपे आली. सैदापेठजवळ मार्मलाँग येथे कंपनीची निवडुंगाची बाग उभी राहिली आणि तिची देखरेख अँडरसनचा भाचा डॉ. अँड्र्यू बेरी याच्याकडे आली. अस्सल पाळीव किडा आणणाऱ्याला कंपनीने २,००० पौंडांचे बक्षीस लावले. बाग तयार, बक्षीस तयार, किड्याचा पत्ता नाही, अशी काही वर्षे गेली.

१७९५ साली ५२ व्या पलटणीचा कॅप्टन नीलसन रिओ द जानेरोत थांबला असता किडे लागलेले निवडुंग घेऊन जहाजावर चढला. कलकत्त्याला पोचेपर्यंत थोडकेच किडे जिवंत होते. वनस्पती उद्यानाच्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी ते इथे वाढलेल्या निवडुंगावर सोडले आणि ते अशा वेगाने वाढले की काही मद्रासला पाठवता आले. पण वेगच घात सांगत होता. पाळीव किडा असा फोफावत नाही. हा जंगली निघाला: रंग थोडा, मेणकापूस फार, आणि भूक अफाट. त्याच्या मालाला बाजारात मेक्सिकोच्या मालाच्या जवळपासही भाव येणे शक्य नव्हते. आणि त्याने ज्या जातीच्या निवडुंगावर आसरा घेतला ती जातच प्रांतामागून प्रांत फस्त करत नेली. कंपनीच्या कागदांपुरता प्रयोग फसला.

एकोणिसाव्या शतकात ग्वातेमाला आणि कॅनरी बेटांनी ओआहाकाची मक्तेदारी मोडली, आणि १८६० च्या दशकापासून डांबरातून काढलेल्या रंगांनी त्यांचीही. हिंदुस्थानात मात्र निवडुंगाच्या दुसऱ्या जाती, ज्यांना या जंगली किड्याने तोंड लावले नव्हते, त्या माजल्या. आपल्याकडे शेताच्या बांधाला आणि गावकुसाला लावलेला फड्या निवडुंग हा याच परक्या कुळातला. दक्षिणेत तर त्याने एकरच्या एकर जमीन अडवली. १९२६ साली शेतकी तज्ज्ञांनी श्रीलंकेहून त्याच किड्याचा एक सख्खा भाऊबंद आणून त्या रानात सोडला आणि पाच-सहा वर्षांत बहुतेक निवडुंग संपले. १७९५ च्या किड्याचा जो दोष कंपनीला नडला, त्याच दोषापायी एकशे तीस वर्षांनी त्याच्या कुळाला मुद्दाम बोलावणे गेले होते.